नग एक

मी एस्टिमेट सेक्शनला होतो, एकतीस वर्षं.
खांब किती, तार किती, चिनीमातीचे कप किती.
त्रिमूर्तीनगरच्या आमच्या गल्लीचंही
एकदा मीच केलं होतं:
भूमिगत केबल, सहाशे वीस मीटर.
खोदाई. वाळू. वर विटांचा एक थर.
रस्ता पूर्ववत करणे.
वरून आलेला शेराही मीच फाईलला टाचला:
तूर्तास फांद्या छाटाव्यात.

त्या तूर्तासला एकोणीस वर्षं झाली.
दर उन्हाळ्यात करंजाच्या डोक्यात भांग पाडतात
मधोमध, तार जाईल एवढा.
गल्लीतली पोरं झाडाचं चित्र काढतात
तेव्हा दोन शिंगांचं काढतात.

यंदा मे महिन्यात चिठ्ठी लागली:
अखंडित पुरवठ्यासाठी
दहा ते पाच पुरवठा बंद.
सत्तेचाळीस अंश. कुलर गप्प,
वाळ्याच्या ताट्या साडेअकरालाच खडखडीत.
निनावे काकूंचं ऑक्सिजनचं मशीन थांबलं
म्हणून छोटा सिलिंडर लावून
त्यांना खुर्चीसकट बाहेर आणलं.
बाहेर कुठे, तर करंजाखाली.
मग सगळी गल्लीच आली.

करवत रस्त्याच्या बाजूला,
आम्ही कंपाउंडच्या.
एक फांदी खाली आली
की खुर्च्या हातभर सरकायच्या.
कुणी कुणाला सांगत नव्हतं, तरी सगळे एकदम.
दोन वाजता सावली सतरंजीएवढी उरली,
ती काकूंना दिली.

"काहून तोडून राहिले बाप्पा याले?"
"तुमचं मशीन बंद पडू नये म्हणून, आजी,"
शेजारचा सौमित्र म्हणाला.
काकूंनी नाकाची नळी नीट केली.
"मंग मले इथं काहून आणलं?"

शालिक उईकेनं वरून टोपली सोडली.
आत कावळ्याचं घरटं.
अर्धं काड्यांचं, अर्धं आमच्याच तारेचं;
खांबाखाली टाकलेले तुकडे,
वाकवून, एकात एक अडकवून,
कुठल्याही कंत्राटदारापेक्षा घट्ट.
अंडी नव्हती. "बरं झालं," शालिक म्हणाला, खाली आल्यावर.

मी त्याला जुन्या एस्टिमेटचं सांगितलं.
पाणी पिता पिता ऐकलं त्यानं.
"खोदलं असतं साहेब, तर मुळं गेली असती.
याच्या काय कमी लाईनी आहेत खाली?"
"मुळांपाशी हातानं खोदता आलं असतं."
"हातानं," तो म्हणाला. "दर काय धरला होता?"

धरला नव्हता.

पाचऐवजी साडेसहाला लाईन आली.
सगळ्यांचे कुलर एकदम सुरू झाले,
खुर्च्या आत गेल्या.
घरटं माझ्या टेबलावर आहे.
सवयीनं पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतो:
तार, निरुपयोगी, अंदाजे नऊ मीटर.
काड्या, मोजल्या नाहीत.
घरटं, नग एक.
परत बसवणे...
इथे पेन थांबतं.
पुढच्या रकान्यात
जागा लिहावी लागते.