मातृभाषा : एकच लिहावी

तुर्भ्याच्या खाणीमागे घरांना आकडे नव्हते.
मीच खडूनं घातले,
एकशे बारा, एकशे तेरा.
एकशे चौदाच्या पत्र्यावर खडू उमटेना
म्हणून तिमव्वा कुसळकर कोळसा घेऊन आली.

वय? अंदाजे.
लग्न? मोठा सुरुंग चुकला त्या साली.
पाणी? टँकर.
संडास? तिनं डोंगराकडे पाहिलं.
मातृभाषा?
"वडारी."

पर्यवेक्षक सकाळीच म्हणाले होते,
सांगतील तेच लिहा बाई, वाद नको,
पुढं वरती तेलुगूत मिळवतात सगळं,
ओढा खाडीला मिळतो तसं.
(आमच्या ओढ्याला नाव होतं.
नव्या नकाशात तो नाला क्रमांक सात.)

मी लिहिलं, वडारी.
ड पाशी कागद जरासा फाटला.

"बाई?"
आतून यंकी. चौथी ब, शेवटचा बाक,
शाळा सुटून दोन वर्षं झाली.
एकदा तिला फळ्यापाशी उभी केली होती,
सात आठे?
गप्प.
दगड आहेस नुसती, म्हणाले मी.
वर्ग हसला.
तिला वाटलं, बाई शब्द शिकवतायत.
"रायी," ती हळूच म्हणाली,
"आमच्यात रायी म्हणतात."

ज्या घरात दगड फोडून भाकरी निघते
तिथं दगड ही शिवी कशी व्हावी,
हे मला तेव्हा सुचलं असतं तर
तर काय.
मी पुढच्या मुलाला विचारलं, सात आठे?

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला होता, टोरंटोहून.
त्याच्या मुलीला तिकडच्या शाळेत
शनिवारी मराठीचा वर्ग मिळाला, सरकारी खर्चानं.
तेवीस पालक, सह्या, दोन सभा.
आपला हक्कच आहे तो, भाऊ म्हणाला.
असतोच, मी म्हटलं.
आईनं गावठाणात पेढे वाटले.
फोन खांद्यानं कानाशी धरून मी
यंकीच्या प्रगतिपुस्तकात लिहीत होते,
आकलन कमी.

घणसोलीच्या शाळेत मीही पानी म्हणायचे.
डोला म्हणायचे.
छडी आधी ण साठी, मग ळ साठी.
वळ हा शब्द नीट म्हणता येईस्तोवर
हातावर वळ उठले.
आता दोन्ही अक्षरं जिभेवर चोख आहेत.
घरात शिरताना चपलांबरोबर
काढून ठेवते.

आमच्याकडे मोजणीला आलेला पोरगा नवा होता.
तुम्हीच भरा बाई, म्हणाला,
आणि कागद ठेवून पुढच्या सोसायटीत गेला.

आई चिंबोऱ्या साफ करत होती.
"आई, मातृभाषा?"
"मना क इचारतंस, तुना म्हाईत नाय?"
"सांगावं लागतं."
तिनं एक नांगी मोडली.
"शालंन बोलतंस ती लिव."
दुसरी मोडली.
"नायतर आपली लिव. जागा हाय क तेवरी?"

जागा चार बोटं होती.
खाजण गेलं तिथं आता कॉल सेंटर आहे,
आमच्या बांधावरून सहा पदरी रस्ता जातो,
उघाडी, खार, भांगाची भरती,
हे सगळं उरलंय ते फक्त
चिंबोरी मोडणाऱ्या ह्या बाईच्या तोंडात,
आणि ती विचारतेय, जागा आहे का.

आगरी.
ह्यात ण नाही, ळ नाही.
छडी खाईल असं एकही अक्षर नाही.
तरी लिहिताना
हात एकदा मागं घेतला मी.