चौदा बाय साडेसहा

हिंगण्याच्या शेडमध्ये हेडाऊ मिस्त्रींनी दोन दाखवल्या.
एक पांढरी, तयार: चार झोपायच्या जागा,
आत संडास, कूलरसाठी मागच्या भिंतीत चौकट.
दुसरी नुसता सांगाडा,
रेड ऑक्साईड अजून बोटाला लागत होतं.
हिच्यात तीनच झोपतील, पण ही हलकी.
"भाऊ, आधी माणसं मोजा," ते म्हणाले, "पैशाचं मंग पाहू."

मी अजनीच्या लोको शेडमध्ये सत्तावीस वर्षं काढली.
सगळे गाद्या दाबून पाहत होते,
मी खाली वाकून हूक पाहिला.
ओढणाऱ्याच्या पाठीवर थोडं वजन यायलाच पाहिजे,
अगदीच नाही आलं तर मागचा डबा शेपटीसारखा हलतो.
आपली बोलेरो अकरा वर्षांची,
तिच्याही पाठीचं पाहावं लागतं.

घरी आलो. मानेवाड्याची गच्ची
रात्री नऊ वाजताही तव्यासारखी.
दोन बादल्या पाणी मारलं, ते वाळायच्या आत चर्र झालं.
मग टेप धरला, आणि निहारच्या खडूनं
चौदा फूट बाय साडेसहा
आखून काढलं.

चंदा ओट्याच्या चौकोनात उभी राहिली,
हात लांबवून नसलेलं झाकण उचललं.
"इथं पोळी लाटली तर कोपर निहारच्या तोंडात जाईल."
निहार रेघ ओलांडून आत आला,
तर तिघंही ओरडलो,
अबे, दारातून ये! भिंत आहे तिथं!
तो मागे गेला, वळसा घालून आला,
कडी काढल्यासारखं केलं, चप्पल बाहेर ठेवली.

मग सगळे झोपून पाहिले.
डोक्याशी खिंडसीचं पाणी आहे असं धरून चाललो.
निहारनं पाल्यात काहीतरी हललं म्हणून सांगितलं,
चंदा म्हणाली, डास मात्र खरे आहेत.

यशोधराचे पाय रेघेबाहेर येत होते.
कधी वाढली एवढी?
तिनं गुडघे दुमडून घेतले, जरा वेळानं
आभाळाकडे पाहतच म्हणाली,
"बाबा, ती हलकीवाली घ्या.
माझी जागा काहून धरून ठेवता?
जुलैत मी भोपाळला. सुट्ट्या जुळतील, नाही जुळतील.
तिथं पाण्याची टाकी बसवा, सत्तर लिटरची."

कोणी काही बोललं नाही.
खालच्या मजल्यावर कूलरचा पंप कोरडा फिरत होता.
मी मनात हिशोब केला,
कारण तेवढंच येतं मला:
फळी, गादी, बिजागऱ्या, अडतीस किलो.
ती स्वतः एकावन्न.
सत्तर लिटर पाणी म्हणजे सत्तरच किलो.
म्हणजे पोरगी टाकीपेक्षा हलकी,
आणि फळी रिकामी गेली तर त्याहून.
हिशोब बरोबर होता.
तरी पुन्हा केला.

सकाळी ड्युटीच्या आधी मिस्त्रींना फोन लावला.
म्हटलं, सांगाडाच घेतो. पण चौथी फळी पाहिजे.
रेल्वेच्या मधल्या बर्थसारखी,
दिवसा खाली पाडलेली, रात्री साखळीवर.
"मंग साडेसहा फुटाची करू का सहाची?"
मी म्हटलं, पोरीची उंची विचारून सांगतो.
"विचारता काय भाऊ, बाप आहा ना तुम्ही?"

वर गेलो टेप घेऊन, तर उशीर झाला होता.
खडूच्या खोलीत निमजे काकूंनी
जुनं लुगडं अंथरून कुरड्या घातल्या होत्या,
ओट्यापासून दारापर्यंत, गच्च.
निहार बाहेर उभा. म्हणे,
आत जायला जागाच नाही.
यशोधरा अजून झोपलेली होती, कठड्याच्या सावलीत,
ऐसपैस, तिरपी.
मी टेप टाचेला लावला आणि
हळूहळू वर नेत गेलो,
तिला जाग येऊ नये म्हणून
आकडा न बोलता.