तिसरं घर

रुवीतल्या फ्लॅटमध्ये, एसीच्या घरघरीखाली,
बाबांनी एकदा अख्खी रात्र पाच बैशांत घालवली.
आई म्हणाली, माझ्या पर्समधले घ्या नि झोपा.
पहाटे सापडले. सिमेंटच्या पावतीवर
कुणीतरी सहाचा एक वाचला होता.
कुणीतरी म्हणजे त्यांनीच.
मग आम्हाला उठवून चहा पाजला.

रियालला दशांशाची तीन घरं.
तिसऱ्या घरालाही दार असतं, म्हणायचे,
आणि पेन्सिलीला टोक काढायचे.

शुक्रवारी मत्राहच्या मासळीबाजारात मात्र
सुरमईवाल्याशी घासाघीस नाही,
सांगेल तो भाव देऊन मोकळे,
आणि गाडीत बसल्यावर आईचं ऐकून घेत.

ते गेल्यावर अठ्ठेचाळीस डायऱ्या काढल्या.
टोमॅटो, पेट्रोल, माझ्या चष्म्याची फुटकी काच,
वेंगुर्ल्याला केलेल्या ट्रंककॉलची मिनिटं.
आत्याचं लग्न नाही. धाकट्या काकाचं कॉलेज नाही.
आरवलीच्या विहिरीवरचा पंपही नाही.
एखाद्या महिन्यात नुसता आकडा,
समोर नाव नाही,
आणि खाली बेरीज बरोबर.

काल खालचा मुराद वही घेऊन वर आला.
बलुची वळणाच्या हिंदीत म्हणाला,
साहेबांचे एकशे पंचेचाळीस बैसे
जमा आहेत माझ्याकडे.
ऐंशी उलटली तरी पावाचे पैसे
ते महिना लागायच्या आत देऊन ठेवत.

मी हात पुढे केला. मग मागे घेतला.
राहू दे, म्हटलं.
त्यांच्या नावाचं पान
एवढ्यात खोडू नकोस.