दोन वर, दोन खाली

खोक्यातून निघाली ती सायकल नव्हतीच अजून.
काळी हाडं, आत पोकळी,
आणि जिथे काही बसायचंय तिथे गोल भोकं.
परदेशीपुऱ्यातल्या रद्दीवाल्याचा हुकाचा काटा मागून आणला:
बाराशे चाळीस ग्रॅम.
तो म्हणाला, दीदी, इसका तो कुछ नहीं आएगा.

गच्चीवर सतरंजी अंथरली,
जुन्या सायकलीचे अवयव पसरले,
क्रँक, ब्रेक, रंग उडालेली पेडलं,
बोल्ट शेवेच्या रिकाम्या डब्यात.
नाना खुर्ची घेऊन आले, न बोलावता,
चष्मा कपाळावर.
"लोखंड नाही?"
नाही, धागा आहे. कार्बनचा.
विणून, राळेत भिजवून, भट्टीत भाजलेला.
धागा म्हटल्यावर चष्मा खाली आला.

तीस वर्षांत त्यांनी कापडाला असा हात लावलेला
मी पाहिला नव्हता. साडीच्या दुकानातसुद्धा
ते बाहेर बाकावर बसून राहतात.
अंगठ्याचं नख नळीवरून तिरकं सरकलं.
"ट्विल," म्हणाले. "दोन वर, दोन खाली.
कुठल्या मिलचं?"

खोक्यावर तैवान लिहिलं होतं, ते वाचून दाखवलं.
त्यांनी मान हलवली,
जणू तिथल्या जॉबरला ओळखतात.

छावणीहून गुफरान आला हेडसेट बसवायला.
हातोडी त्याने पायरीवरच ठेवली.
लांब आट्यांचा रॉड, दोन वॉशर, दोन नट,
आणि पाना इतका हळू फिरवला
की खालच्या गल्लीतला कुकर
तीन शिट्या देऊन गप्प झाला.
सीटपोस्टला ग्रीस नको, म्हणाला, घसरेल;
वाळूसारखी खरखरीत पेस्ट बोटाने माखली.
उजव्या बाजूचे आटे उलटे, हे मी विसरले
आणि नानांच्या देखत एक शिवी दिली.

मग गिअरची केबल आत हरवली.
एका भोकातून घातली, दुसऱ्यातून येईना.
चुंबक लावलं. फुंकर मारली. फ्रेम उलटी धरून हलवली.
नाना उठून खाली गेले. मला वाटलं, चहाला.
आले ते एक चपटी आकडी घेऊन,
लाकडी मूठ घामाने काळी पडलेली.
फणीतून तार ओढायची आकडी.
मिल बंद झाली त्या दिवशी
खिशात राहून गेली,
असं ते म्हणतात.
दोनदा चुकले. हात थरथरतो हल्ली.
तिसऱ्यांदा केबलचं टोक भोकातून डोकावलं,
आणि मी पक्कड आणेपर्यंत
त्यांनी ते सोडलंच नाही.

संध्याकाळी, उजेड तिरपा झाल्यावर,
माझं बोट धरून हेडट्यूबखाली टेकवलं.
"इथे एक तार चुकलीय. तिनांवरून गेलीय."
तुटेल का, नाना?
"कापड असतं तर मी सेकंडच्या मालात टाकलं असतं."
एवढंच.

शनिवारी जानापावचा उतार.
मुरूम, सैल दगड, सागाची वाळकी पानं.
स्टेमचे बोल्ट पाच न्यूटन-मीटरला आवळलेले,
पाना टिक् म्हणालेला मी ऐकला होता,
तरी प्रत्येक दणक्याला लक्ष
त्या एका तारेकडे.
खाली पोचले. कोपर सोललं, सायकल धड.

दारात नानांनी डोंगराचं विचारलं नाही.
वाकले, धूळ पुसली, बरोबर तिथेच बोट ठेवलं,
थोडा वेळ.
मग म्हणाले, चेन जरा बोलतेय,
तेल घाल.