कडी लावलेली नाही

दांडिया बाजारात, झेरॉक्सच्या दुकानामागे
माझं लेसरचं यंत्र.
दिवसभर जळक्या लाकडाचा वास,
ट्रॉफ्या, किचेन, डॉक्टरांच्या पाट्या.

फाळकेबाईंनी पाठवलेला फोटो आडवा पडला होता.
मी म्हटलं, आधी उभा करू.
ट्रेस करणाऱ्याला वाचता येत नाही,
काळं कुठे संपतं तेवढंच कळतं.
पडद्यावर नुसता फिरवून भागत नाही,
तो मूळ फाइलकडेच पळतो;
म्हणून फिरवायचा, सेव्ह करायचा, नव्यानं आणायचा.

वहीचं पान. निळ्या ओळी.
शाईत एवढंच:
‘कडी लावलेली नाही. ढकल.’

‘दाराच्या काचेवर लावायचंय.’
‘नाव नको?’
‘नाव पोस्टमनला ठाऊक आहे.’

अक्षरं उजवीकडे चढत होती.
सवयीनं मी ती सात अंश खाली ओढली.
प्रार्थनेला उभी केल्यासारखी रांगेत आली.
बाई बघत राहिल्या.
‘ना,’ म्हणाल्या, गुजरातीतला ‘ना’.
‘हे त्यांचं नाही.’

रात्रपाळी बाईंची असे,
सयाजी हॉस्पिटलात, बाळंतिणींच्या वॉर्डात.
पहाटे रिक्षातून उतरायच्या
तर दाराच्या फटीत हा कागद.
गुडघ्यावर वही घेऊन लिहायचे,
अर्धे झोपेत.

तिरकं किती फोटोचं, किती माणसाचं,
हे अक्षरांना विचारून कळत नाही.
मी सगळं पूर्ववत केलं.
छापील निळी ओळ धरली
आणि तेवढीच आडवी आणली.
दोन अंश.
फोटो काढताना बाईंचा हात हलला होता, तो निघून गेला.
उरलेले पाच
कागदावरच होते.
मग निळ्या ओळी पुसल्या.

अ‍ॅक्रिलिक पाठीमागून कोरायचं,
म्हणून शेवटी आरशासारखं उलटवलं.
चढण आता डावीकडे.
बाई दचकल्या.
‘बाहेरून सरळ दिसेल,’ मी म्हटलं.
‘आणि आतून?’
‘आतून असंच.’

बाहेर कोणी स्कूटरला किका मारत होतं,
लागत नव्हती.
‘चालेल,’ म्हणाल्या,
‘आतून मला पाठ आहे.’

झाकण लावलं.
यंत्रानं सुरुवात केली
ती ‘ढकल’पासून.