पुकारा

वजिराबादेत, बोळाच्या तोंडाशी
चार फूट बाय तीन फुटांचं माझं दुकान.
एकेचाळीस वर्षं घड्याळाच्या पोटाला कान लावून बसलो.
टिकटिक लंगडायली की ओळखायचो,
तेल वाळलंय, कचरा अडकलाय
की मालकानं रागात आपटलंय.

मग कानच गेले.
आधी डावा.

डॉक्टर लेनमध्ये काचेचं दुकान, थंड हवा.
पोरीनं गोड बोलून मशीन कानात बसवलं.
बत्तीस हजार. दोन वर्षं गॅरंटी.
"आता सुई पडली तरी ऐकू येईल, काका."
तिसऱ्या आठवड्यात आत एक रातकिडा येऊन बसला.
भरदिवसा किर्र किर्र,
आणि त्याच्या पल्याड कुठंतरी
चंद्रभागा मला जेवायला बोलवायलेली.

सात खेपा घातल्या.
घाम गेला असेल. कंपनीला पाठवलंय. साहेब पुण्याला गेलेत.
आठव्या खेपेला बिलावर बोट ठेवलं त्यांनी:
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

मी वाद घातला नाही.
कारण माझ्याही डोक्यावर, लाल ऑइलपेंटात,
माझ्याच हातची पाटी होती:
दुरुस्तीनंतर घड्याळाची जबाबदारी आमची नाही.

कोटगिरे मास्तर माझे जुने गिऱ्हाईक.
आता माझ्याशी वहीत लिहून बोलतात.
त्यांनी लिहिलं, "छापलं म्हणून कायदा होत नसतो, वट्टमवार.
असं छापणं हाच गुन्ह्यासारखा प्रकार.
आधी रजिस्टर नोटीस. पोचपावती जपा.
वकील नसला तरी चालतं. एवढ्याशा रकमेला फी नाही.
दोन वर्षं उलटू देऊ नका, बस."
बिल काढलं तर शाई उडालेली, कोरा चिटोरा.
पण पहिल्याच दिवशी मी झेरॉक्स काढली होती.
घड्याळवाला माणूस. टोकनाशिवाय काही हातातून सोडत नाही.

आयोगात तारीख. परत तारीख.
दुसऱ्या तारखेला मी सकाळपासून बाकावर बसून होतो.
दुपारी कळलं, पुकारा होऊन गेला.
फाइलीत लिहिलं: तक्रारदार गैरहजर.
बहिऱ्याची सुनावणी!
चंद्रभागा पदराआड हसली, मग तिलाच रडू आलं.
पुढच्या वेळी मास्तर शेजारी बसले,
माझ्या गुडघ्यावर हात ठेवून.
नाव आलं की चिमटा.

समोरच्या वकिलाचे ओठ हलत होते.
मास्तरांनी वहीत लिहिलं:
"म्हणायलाय, मशीन ठीक आहे, माणूस म्हातारा आहे."
मी मशीन काढून टेबलावर ठेवलं.
म्हणलं, साहेब, तुमचे कान तरणे आहेत. घाला.
त्यांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम त्यांच्याकडेच पाहत होत्या.
घातलं.
चेहरा असा झाला, जणू चमच्यात कडू औषध.
पण चेहऱ्याचा पुरावा होत नाही.
मशीन तपासणीला गेलं, अहवालाला चार महिने लागले.

निकाल कागदावर आला, बरं झालं.
पैसे परत, व्याजासकट,
खर्चाचे तीन हजार,
मानसिक त्रासाचे पाच.
ही ओळ मी भिंग लावून वाचली.
मानसिक त्रास.
तो मोजतात, हेच माहीत नव्हतं.

कंपनीला अपिलाला पंचेचाळीस दिवस आहेत.
आज एकतिसावा.
पैसे अजून आलेले नाहीत.

पाटी मात्र मी उतरवली.
मागं भिंत निळी निघाली,
दुकान घेतलं तेव्हाची.
काल एक बाई आली, दिवाळीत दुरुस्त केलेलं घड्याळ
पुन्हा मागं पडतंय म्हणून. ओठांवरून समजलं.
वर बघितलं तिनं, सवयीनं, पाटी असायची तिथं.
मी घड्याळ उघडलं,
अंगठ्याचं नख कडेला टेकवून
बराच वेळ थांबलो.
लंगडत होतं खरं.
"चूक माझी," म्हणलं,
बहुतेक फार मोठ्यांदा,
कारण समोरचा पानवाला वळून पाहायला लागला.