एकनाड

पारेखकाकांचा डावा हात डायलिसिसचा,
त्याला सुई लावायची नाही.
उजव्यावर चौथ्या खेपेला एक शीर सापडली,
मनगटाशी, रुसलेली.
पोटॅशियम सात पूर्णांक दोन.
मॉनिटरवर लाटा तंबूसारख्या टोकदार.

करेलीबागेत पहाटेचे पावणेतीन.
कॅल्शियम मी दिलं, सावकाश, काट्याकडे बघत.
रिंकल वसावा, नोकरीला अकरा दिवस,
लगेच सोडाबायकार्बची सिरिंज घेऊन
त्याच तोटीकडे वळली.
मी तिचं मनगट धरलं.

‘बेन, बंने पाणी जेवुं ज छे ने?’
हो गं, पाण्यासारखीच दोन्ही.
म्हणून तर.

मधे मीठपाणी, वीस मिली.
ते सरेपर्यंत मी रावपुऱ्यातून मांडवीकडे
मनातल्या मनात दुकानं मोजत जाते:
घड्याळवाला, फरसाण, बंद पडलेला स्टुडिओ,
चष्म्याचं दुकान.

चष्म्याच्या दुकानातला दत्तप्रसन्न मोहिते
आईच्या वहीत आहे, सत्त्याण्णव सालच्या पानावर.
सव्वीस गुण जुळत असताना
पुढे जांभळ्या शाईत: एकनाड. नको.
नाडी म्हणजे काय गं आई, मी विचारलं होतं,
बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला,
मोठ्या तोऱ्यात, मनगटावर बोट ठेवून.
ती पोळ्या लाटत राहिली.

पुढे जिथे लग्न झालं
तिथे नाडी निराळ्या होत्या.
साका बसायचा तो बसलाच.

वीस मिली झालं.
‘आता दे,’ मी रिंकलला म्हटलं.

साडेतीनला लाटा जरा बोथट झाल्या.
मी तिला आत नेलं, दोन्ही कुप्यांतलं उरलेलं
किडनी ट्रेमध्ये एकावर एक ओतलं.
श्वासभर काहीच नाही.
मग दुधाळ,
मग पाटीवरचा खडू कुणी भिजवल्यासारखं.
‘आ काकाना हाथमां?’
हातात नाही, शिरेत.

ती बघत राहिली.
मग मराठीत, माझ्यासाठी जुळवून, म्हणाली:
चूक कोणत्या औषधाची, बेन?

कुणाची सांगू?
कपाटाच्या दारावरचा तक्ता मीच चिकटवलाय,
आडवी नावं, उभी नावं,
जिथे भेटतात तिथे बरोबर किंवा फुली.
कारणाचा रकाना त्यात नाही.

बाहेर पारेखकाका पाणी मागत होते.
त्यांना दिवसाचं मोजून.
मी कापूस ओला करून ओठांवर फिरवला.

आत रिंकलनं ट्रे नळाखाली धरला होता.
अंगठ्यानं घासत होती.
कडेचं पांढरं सुटत नव्हतं.